शेताला उंबरा नसतो

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

वळसंग,
ता. २ डिसेंबर १९२९

तीर्थस्वरूप सौ. रत्नम्माक्का हीस,

गुरुसिद्धाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. येथील सर्व क्षेम असून तुझे क्षेम कळवीत जावे. हे पत्र मी दुसऱ्यांदा लिहीत आहे. पहिल्यावर चिमणीचे रॉकेल सांडले. तसे पत्र तुझ्या सासरी जाणे बरे दिसले नसते.

तुझे मागले पत्र अव्वाला वाचून दाखवले. तुला सातवा महिना लागला तरी तुझे मामंजी माहेरी पाठवायला तयार नाहीत, हे ऐकून ती चुलीपुढे तशीच बसून राहिली. तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळले नाही. मागल्या वर्षी तुझे पहिले मूल गेले, तेव्हा तुझ्याजवळ घरची एकही बाई नव्हती. सासूबाई नाहीत, नणंद नाही. या खेपेस आपण उशाशी असलेच पाहिजे, असे ती रोज म्हणते. अप्पा ऐकतात. उठून गोठ्यात जातात.

अडचण कोठे आहे ते तू जाणतेस, तरी मनात एकदा नीट मांडावे म्हणून लिहितो. तुझ्या लग्नाचे वऱ्हाड होटगी स्टेशनावर उतरले आणि आपल्या गाड्या पोहोचल्या नाहीत. ओढ्यात पुढच्या गाडीचा आस मोडला आणि मागच्या साऱ्या अडकल्या. तुझे मामंजी वीरभद्रप्पा भर उन्हात फलाटावर आपल्या ट्रंकेवर बसून राहिले. शब्द दिला आहे म्हणून लग्न लावीन, पण सिद्धलिंगप्पाच्या घराचा उंबरा चढणार नाही, असे ते बोलले, आणि मठात लग्न लावून तेथूनच परत गेले. आता तू बाळंतपणाला आलीस, तर पाळण्याला त्यांना यावे लागणार आणि बाळ-बाळंतिणीला रीतीप्रमाणे याच घरातून न्यावे लागणार. उंबरा चढण्यापेक्षा सून न पाठवलेली बरी, असे त्यांनी धरले आहे.

तेव्हा उंबरा नाही अशा जागी त्यांना बोलवावे, असे माझ्या मनात आले. एकरूखच्या तलावावर सोलापूरची माणसे फराळाचे डबे घेऊन जातात, पण तलाव आपला नव्हे. तेथे आपण यजमान कसे होणार? कुडलचा संगम पाहण्याजोगा आहे, पण गाडीवाट वाईट, तुला हादरे बसतील. नळदुर्गचा धबधबा पावसाळ्यात पडतो, आता गेले तर नुसती भिंत पाहायची, शिवाय मोगलाईतला नाका. असे एकेक खोडत गेलो आणि शेवटी शेत उरले. वेळामावस्येला, म्हणजे आपल्या येळवसेला, कोणीही कोणाच्या शेतात जाऊन जेवतो, त्यात मानापमान नाही. आणि शेताला उंबरा नसतो.

यंदा ती अमावास्या सोमवारी, ३० तारखेला आहे. गरवार बाईने अमावास्येला बाहेर पडू नये हे खरे, पण अव्वा म्हणते, की या अमावास्येला भुईच गरवार असते, आपण तिचे डोहाळे पुरवायला जातो. तुला आडकाठी नाही. अप्पांचे बोलावणे वेगळ्या पत्राने येईल. तू तुझ्या बाजूने वारा कसा आहे ते पाहावे.

उत्तर येईतो जिवाला स्वस्थता नाही. धाकट्यावर माया आहे ती तशीच राहू द्यावी.

तुझा आज्ञाधारक,
गुरुसिद्ध

---

॥ श्री ॥

सोलापूर,
ता. ११ डिसेंबर १९२९

चि. गुरुसिद्धास,

अक्काचे अनेक आशीर्वाद. पत्र पोहोचले. कुडल, नळदुर्ग, एकरूख, सारी तू अंगणात बसून फिरून आलास की! सहावीतून शाळा सुटली नसती, तर तुला प्रवासी लोकांचा वाटाड्या म्हणून पगार मिळाला असता.

अप्पांचे पत्र मामंजींनी दोनदा वाचले. जेवताना इकडल्या स्वारीला म्हणाले, की सिद्धलिंगप्पाने शेतात बोलावले आहे, घरात नाही. माणूस पहिल्यासारखाच हुशार आहे. मी भिंतीआड ताक घुसळीत होते, हात थांबला. मग म्हणाले, की सोमवार आहे, दुकान लवकर उघडायचे नाही, जाऊन येऊ. सुनेलाही घेऊ. ती माणसे कशी वागवतात ते एकदा पाहतो आणि मग काय ते ठरवतो.

तेव्हा बाबा, सगळे त्या एका दिवसावर आहे. मामंजी वाईट नाहीत. माझे पहिले गेले तेव्हा ते माडीवर जाऊन रडले, हे मी ऐकले आहे. पण मानाला लागले, की त्यांना पुढचे दिसत नाही. येथे या खेपेस नर्सबाई आणू म्हणतात. मागच्या खेपेसही आणणार होते. ती आली तेव्हा उशीर झाला होता. गुरुसिद्धा, मी कोणाला बोलत नाही, तुला लिहिते: मला त्या खोलीची भीती वाटते. कळा येतील तेव्हा अव्वाचा हात हातात हवा.

मामंजींना भज्जीत मिरची कमी लागते. अंबील आंबट आवडते. बाजरीचे उंडे आवडतात, पण आवडतात असे कधी म्हणणार नाहीत, वाढीत राहावे. अव्वाला सांग, रडू नको, तुझी लेक दगडासारखी आहे.

तुमची माया पाठीशी आहे, तोवर मला काही उणे नाही.

तुझी,
अक्का

---

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

वळसंग,
ता. २४ डिसेंबर १९२९

तीर्थस्वरूप सौ. अक्का हीस,

गुरुसिद्धाचा शि. सा. नमस्कार वि. वि. तयारी कोठवर आली ते कळवितो, म्हणजे तुझी काळजी कमी होईल. माझी होत नाही.

शेतात कडब्याची खोप उभी केली. पूजेसाठी पाच पांडवांचे दगड ओढ्यातून आणून चुन्याने रंगवले. शाळू गुडघ्याच्या वर आला आहे, हरभरा घाटे धरतो आहे. भज्जीला लागणाऱ्या पालेभाज्या, शेंगा, सारे शेतातलेच निघेल. अव्वा अंबिलीचे पीठ आदल्या दिवशीच भिजवणार आहे.

मुख्य काळजी स्टेशनाची. सकाळच्या गाडीने तुम्ही होटगीस उतराल, त्याच्या पुष्कळ अगोदर मी तेथे असेन. येडू गड्याला गाडी जुंपायला सांगितले आहे, आणि एक मोकळी गाडी मागे राहील. एकीचा आस मोडला तर दुसरी आहे. येडू हसतो. म्हणतो, की मालक, तिसरीबी जुंपू का, दोन्ही मोडल्या तर? मी त्याला ओढ्यात दगड टाकून वाट सारखी करायला लावली आहे, त्यामुळे त्याचे हसणे कमी झाले.

दुसरी काळजी बसलिंगप्पाची. त्याचे शेत सडकेला लागून आणि आपले त्याच्या मागे, हे तुला ठाऊक आहेच. बांधाचे भांडण अजून तसेच आहे. परवा त्याने अप्पांना बांधावरूनच विचारले, की सोयऱ्यांना आणताय म्हनं, बांध मोजून दाखवणार काय त्यांना? अप्पांची मान लाल झाली. म्हणून मी तुम्हाला सडकेने आणणारच नाही. होटगीहून ओढ्याच्या वाटेने मागच्या बाजूने सरळ आपल्याच शेतात उतरायचे. बसलिंगप्पाची सावलीसुद्धा पडणार नाही.

अजून काही राहिले असेल तर कळवावे. मला वाटते काहीतरी राहिले आहे.

तुझा कृपाभिलाषी,
गुरुसिद्ध

---

॥ श्री ॥

वळसंग,
ता. १ जानेवारी १९३०

तीर्थस्वरूप सौ. अक्का हीस,

गुरुसिद्धाचा शि. सा. न. वि. वि. काय लिहावे सुचत नाही.

सकाळची गाडी आली. तुम्ही उतरला नाहीत. गर्दी फार होती, म्हणून मी फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो. गाडी सुटली. मला वाटले, चुकली असेल, पुढच्या गाडीने येतील. येडू म्हणाला, की घरला जाऊ या, त्ये काय येत न्हाईत. पण मी निघालो आणि मागाहून तुम्ही उतरला असता तर? पुन्हा तेच झाले असते. मी बैल सोडले आणि एका खोक्यावर बसून राहिलो. दुपारची गाडीही तशीच गेली. मग निघालो.

शेतात पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता आणि तुम्ही येऊन गेला होता. अमावास्येला लेक ठेवून घ्यायची नाही, म्हणून उजेडीच परत निघालात, असे अव्वा म्हणाली. तुम्ही मोटारीने आलात हे मला तेथे कळले. अक्का, मोटारीचे मला का सुचले नाही?

अव्वाकडून जेवढे कळले तेवढे लिहितो. मोटार सडकेवर थांबली. तुला घ्यायला सडकेवर आपले कोणीच नव्हते. तुझ्या मामंजींना पहिली खोप दिसली ती बसलिंगप्पाची. त्याने हाक मारली आणि येळवसेच्या दिवशी बोलावलेले मोडता येत नाही म्हणून ते तेथेच बसले. तेथेच जेवले! अव्वा आणि अप्पा बांधाच्या या बाजूला ताटे मांडून उभे होते, आणि पलीकडे बसलिंगप्पा अप्पांचे नाव घेऊन मोठ्याने शिव्या देत होता, हे अव्वाने स्वतःच्या कानांनी ऐकले. पुढचे तिला ऐकू आले नाही. अप्पांनी तिकडे जायला पाऊल उचलले, पण तिने धरून ठेवले. भांडण झाले असते तर तुझी वाट कायमची बंद झाली असती.

मग तुझे मामंजी बांध ओलांडून आले. बरोबर बसलिंगप्पाही होता. आपल्या खोपीत बसून त्यांनी एकच घास खाल्ला, हात धुतला आणि एक शब्द न बोलता निघून गेले. एकच घास, अक्का. उंडा तर त्यांनी हाताने मोडलासुद्धा नाही.

आपल्या खोपीत बसलिंगप्पाने आणलेली अंबिलीची मातीची बिंदगी तशीच राहिली आहे. ती परत पाठवावी की नाही हे विचारले, तर अप्पांनी तोंड फिरवले. ते अव्वाशीही बोलत नाहीत. अव्वा मात्र काहीतरी लपवते आहे असे वाटते. विचारले की पदराने डोळे पुसते आणि कामाला लागते. बसलिंगप्पाने तुझ्या मामंजींच्या कानात काय घातले असेल, याचा विचार करून मला जेवण जात नाही.

चूक माझी आहे. मी ओढ्याची वाट सारखी करीत बसलो आणि सडकेवर एक माणूस ठेवला नाही. काय ठरले ते लवकर लिही. वाईट असेल तरी लिही.

दुःखी,
गुरुसिद्ध

---

॥ श्री ॥

सोलापूर,
ता. ६ जानेवारी १९३०

चि. गुरुसिद्धास,

अक्काचे अनेक आशीर्वाद. वेड्या, आधी जेव आणि मग पुढचे वाच.

मामंजी सोमवारी सकाळी उठले आणि एकाएकी म्हणाले, की होटगीच्या फलाटावर मी पुन्हा बसणार नाही, भाड्याची मोटार बोलवा. तुला कळवायला वेळ कोठे होता? वाटेभर माझा जीव तुझ्यापाशी होता. सडकेवर उतरलो, तर घ्यायला कोणी नाही. मामंजींचा चेहरा लग्नाच्या दिवशी होता तसा झाला. म्हणाले, की याही खेपेला कोणी आले नाही. परत फिरू या, असे त्यांच्या ओठावर आलेच होते, तेवढ्यात बसलिंगप्पाने खोपीतून हाक मारली, की पाव्हनं, येळवस हाय, असं सडंवरनं माघारी जायचं न्हाय, या, बसा की.

ते शेत आपले नव्हे हे मी बोलले नाही. सासऱ्यासमोर सून बोलत नाही हे खरे, पण नुसती खोकले असते तरी इकडल्या स्वारीला कळले असते. मला वाटले, येथे बसले तर निदान परत फिरणार नाहीत. पुढचे मला काय ठाऊक?

त्याच्या बायकोने, निंगव्वाने, पत्रावळी मांडल्या. मामंजींनी चौकशी केली, की सिद्धलिंगप्पाची माणसे कशी आहेत. खोटे कशाला लिहू, त्यांना वाईट ऐकायचे होते. बसलिंगप्पाला माणूसच मिळाला! त्याने तोंड सोडले. म्हणाला, की त्यो मानूस न्हवं, बाभळीचा खुंट हाय. बांधावरनं सात वरसं माझं डोस्कं खाल्लंय त्यानं. आडमुठा, हेकट, सांगून न्हाय कळायचं, मारून न्हाय वळायचं. हेच अव्वाने ऐकले. मी मान खाली घालून पत्रावळीकडे पाहत राहिले. वाटले, संपले सगळे. मामंजी म्हणाले, की मग सून तिथे बाळंतपणाला पाठवू नये हेच बरे.

त्यावर बसलिंगप्पाचा हात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले, मग आवाज खाली आणला. म्हणाला, की त्ये येगळं. दोन सालामागं शरावणात माझी सून अडली व्हती. पोर आडवं. सुईण हात जोडून बसली. मी काय त्या घरात सांगावा धाडनार व्हतो व्हय? मेलो असतो तरी न्हाय. पर हिची आय, गुरम्मा, आपनहून बांध वलांडून आली. सकाळपासनं दिवस बुडंपतूर सुनेपाशी बसली. आमच्या घरचं पानीसुदीक प्याली न्हाय, भांडन हाय म्हनून. पोर माझ्या हातात दिलं, हात धुतलं आन् गेली. तेव्हा निंगव्वाने खोपीबाहेर खेळणारा नातू उचलून मामंजींच्या पुढ्यात उभा केला. बसलिंगप्पा म्हणाला, की ह्यो बघा. भांडन बांधाचं हाय, बाळंतिनीचं न्हाय.

 मामंजी त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून बसले. आमचे असते तर याहून थोडे लहान असते.

अव्वा काय लपवते आहे ते आता कळले का? त्या दिवशी तिने अप्पांना मठात पूजेला जाते असे सांगितले होते. येळवसेला बसलिंगप्पा बांध ओलांडून आपल्या खोपीत आला आणि अप्पांच्या तोंडावर म्हणाला, की तुझी बायकू माझ्या घरला येऊन गेली, म्हनून आज मी तुझ्यात आलो, देनं फिटलं. तेव्हा अप्पांना प्रथम कळले.  मग त्यांनी स्वतः पळी उचलून बसलिंगप्पाच्या पत्रावळीवर भज्जी वाढली. दोघांनीही एकमेकांकडे पाहिले नाही. बसलिंगप्पा म्हणाला, मीठ कमी पडलंय. त्यांना थोडे दिवस गप्प राहू दे. बिंदगी परत पाठव, पण रिकामी नको. आपली अंबील घालून पाठव.

आणि एकच घास का खाल्ला म्हणतोस? निंगव्वाने मामंजींना उंड्यांवर उंडे वाढले होते. मोटारीत ते बोलले नाहीत ते रागाने नव्हे, घोरत होते.

घरी आल्यावरही काही ठरेना. माझी दोन दिवस झोप उडाली. शनिवारी तुझे पत्र आले. इकडल्या स्वारीने ते जेवताना वाचून दाखवले. मी नको म्हणून खूण करीत होते. तू दुपारच्या गाडीपर्यंत बसलास, तेथे आले तेव्हा मामंजींनी हात वर केला आणि विचारले, की कशावर बसला होता? खोक्यावर, असे पुन्हा वाचून दाखवले. कोणत्या टोकाला? ते पत्रात नव्हते. मामंजी हसले. मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ऐकले. म्हणाले, की कोणत्याही टोकाला बसा, ऊन तिथे तसेच लागते. मग पाणी पिऊन म्हणाले, की संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली, की सुनेला पाठवून द्या. तिच्या आईचा हात चांगला आहे असे ऐकले.

तेव्हा संक्रांत होताच मला न्यायला ये. उंबऱ्याविषयी ते काही बोलले नाहीत. पाळण्याला ते येतील की कोणा दुसऱ्याला पाठवतील, देव जाणे. बाळ सुखरूप हाती लागू दे, पुढचे पुढे.

खोलीची भीती अजून आहे, पण खोली आता दुसरी आहे. माझ्यावर जीव टाकता तसाच टाकीत राहा.

तुझी,
अक्का

---

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

वळसंग,
ता. ३ मार्च १९३०

तीर्थस्वरूप वीरभद्रप्पा यांचे सेवेशी,

बालके गुरुसिद्धाचा साष्टांग नमस्कार वि. वि. काल दोन प्रहरी रत्नम्माक्का प्रसूत होऊन मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. तार करण्यास माणूस होटगीस धाडला आहे, तरी तारेत सर्व मावत नाही म्हणून हे पत्र.

आपणांपासून काही लपवीत नाही. परवा सायंकाळपासून कळा होत्या आणि काल सकाळी सुईण घाबरली. अव्वा उशाशी होती. निंगव्वा न बोलावता आली आणि पाठ धरून बसली. अप्पा आणि बसलिंगप्पा बाहेर कट्ट्यावर होते. दोघे तास न् तास एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत. मूल रडले तेव्हा मात्र बसलिंगप्पा म्हणाला, की आवाज आज्यावर गेलाय, बांधावरनं ऐकू येतंय. कोणत्या आज्यावर ते त्याने सांगितले नाही. अप्पा हसले.

अक्काने निजूनच आपणांस नमस्कार सांगितला आहे. मुलीच्या गळ्यात लिंग बांधण्यास स्वामींना बोलावले आहे. पाळणा तेराव्या दिवशी करण्याचे योजिले आहे. अप्पांनी आपणांस आग्रहाचे बोलावणे केले असून, आपण म्हणाल तर पाळणा घरात न बांधता अंगणात मांडव घालून तेथे बांधू, असे सांगण्यास सांगितले आहे. उंबऱ्याच्या आत येण्याचा आग्रह आम्ही धरणार नाही. आपण यावे एवढेच.

मी होटगीस सकाळपासून हजर राहीन. सडकेवरही माणूस ठेवीन. ओढ्याच्या वाटेवरही ठेवीन.

लेकरांवर आपली सावली असावी, ही विनंती.

आपला नम्र,
गुरुसिद्ध सिद्धलिंगप्पा

---

श्री

सोलापूर,
ता. ६ मार्च १९३०

चि. गुरुसिद्ध यांस,

अनेक आशीर्वाद. तार व पत्र पावले. अक्षर स्वच्छ आहे.

अंगणात मांडव घालू नये. मार्चचे ऊन आहे, पोरीला सोसणार नाही. पाळणा घराच्या आत, तुळईला बांधावा. झोके आजोबाने द्यावयाचे असतात, ते मी बाहेर उभा राहून देऊ शकणार नाही.

बसलिंगप्पांस बोलावणे आहे किंवा कसे ते कळवावे. नसल्यास मी प्रथम त्यांच्याकडे जेवून मग तुमच्याकडे येईन, हे तुझ्या वडिलांस सांगावे. सौ. गुरम्माबाईंस माझा नमस्कार सांगावा. सुनेस तूप कमी पडू देऊ नये.

होटगीस कोणी येऊन बसू नये. सडकेवरही माणूस नको. तुमच्या घराची वाट मला सापडते.

वीरभद्रप्पा